जासूद पोचला, बाई वाटेतच

पेशवाईतलं टपाल दिल्लीहून पुण्याला साधारण पंधरा-वीस दिवसांत पोचायचं.

हे वरचं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. त्यातलं ‘साधारण’ अजून काढता आलेलं नाही आणि ‘पंधरा-वीस’ कच्चं आहे. ‘पेशवाईतलं’ तेवढं पक्कं.

मी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली. तारखेचा शिक्का मारण्यापासून सुरुवात केली आणि उपडाकपाल म्हणून बाहेर पडले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या माणसाला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला नेमकं घड्याळ द्यायची पद्धत कुणी पाडली, हाही एक संशोधनाचाच विषय आहे. तर त्या समारंभात कुणीतरी विचारलं, ‘आता पुढे काय, मॅडम?’ चार माणसांसारखं मी नातवंडं, योगासनं, चारधाम असं काहीतरी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून ‘संशोधन’ निघून गेलं. टाळ्या पडल्या. पेटीत पडलेलं पत्र आणि टाळ्या पडलेलं वाक्य, दोन्ही परत काढता येत नाहीत.

विषय मात्र मला आपोआप सापडला. मोडीच्या वर्गाला जायला लागले होते. मोडी म्हणजे आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची, तीही शक्यतो हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, म्हणून पहिल्या दिवशी आम्ही सगळे खूष होतो. दुसऱ्या दिवशी वाचायला दिलं. असंच एक पत्र अडखळत वाचताना वर कोपऱ्यात वेगळ्या हातचा एक शब्द दिसला : पैवस्ती. पुढे तारीख. सर म्हणाले, पत्र ज्याला मिळालं त्याच्या कारकुनाने ते मिळाल्याचा दिवस टिपून ठेवलाय. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अहो, हा तर आमचा पोचल्याचा शिक्का! पत्राच्या शेवटी निघाल्याची तारीख, वर पोचल्याची तारीख. दोन्हींची वजाबाकी केली की पत्र नेणारा जासूद किती दिवस चालला ते कळतं. अशी दोनेकशे पत्रं काढायची, तक्ता करायचा, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, लढाई चालू असताना किती, हे मांडायचं. वर्षभराचं काम. मी यांना तसं सांगितलंही. ‘एक वर्ष’ म्हटलं. यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आणि ते कॅलेंडर अजून जपून ठेवलं आहे.

वजाबाकी सोपी नव्हती, कारण तारखा मराठी नव्हत्या. साल लिहायचं अरबी आकड्यांच्या शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. हा सुहूर सन. तो मृगाला बदलतो, म्हणून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. झालं १७६०-६१, पानिपतचं साल. महिना मात्र मोहरम, सफर, रबिलावल असा, आणि दिवसाआधी ‘छ’, म्हणजे चंद्र. थोडक्यात वर्ष सूर्याचं, महिना चंद्राचा आणि डोकेदुखी माझी. जंत्रीत बघून एका पत्राचा दिवस पक्का करायला सुरुवातीला मला तीन दिवस लागायचे. जासूदाने तेवढ्यात खानदेश गाठला असता.

आता, स्वतंत्र संशोधक म्हणजे काय ते सांगते. चर्चासत्राच्या अर्जात ‘संस्था’ असा एक रकाना असतो. तिथे आम्ही ‘स्वतंत्र’ असं लिहितो. म्हणजे मार्गदर्शक नाही, शिष्यवृत्ती नाही, मस्टर नाही, लेट मार्क नाही, आणि काम झालं नाही तर विचारणारंही कुणी नाही. खात्यात टपालाची थैली बंद व्हायची वेळ ठरलेली असायची. त्या वेळेआधी जे झालं ते गेलं, थैलीला लाखेचं सील लागलं की माणूस मोकळा. माझ्या संशोधनाची थैली सहा वर्षं उघडीच आहे आणि तिच्यात येणारा-जाणारा काहीबाही टाकतो.

कारण मी घरी असते. ‘काकू, घरीच आहात ना?’ हा प्रश्न मी दिवसातून पाच वेळा ऐकते. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातली तीन दिवसभर कुलुपात. त्यामुळे तिघांची कुरिअरं माझ्याकडे. तीनशे दोनचे बूट, तीनशे तीनचं कुत्र्याचं खाणं, तीनशे चारचं काय असतं ते मी विचारत नाही. वर ओटीपी. ‘काकू, एक नंबर येईल तो त्याला सांगा हं.’ नाही म्हणता येत नाही, कारण पत्ता बरोबर असलेली वस्तू न पोचता परत गेलेली मला बघवत नाही, जुना आजार. संध्याकाळी लोक पार्सलं न्यायला येतात, मी सह्या घेत नाही एवढंच. साठाव्या वर्षी मी एका टपाल कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी दुसरीत बिनपगारी रुजू झाले, हे मला फार उशिरा कळलं.

घरात हे. हे माझ्या आधी तीन वर्षं निवृत्त झालेले, शब्दकोडं सोडवतात. माझ्या कामात यांचा अडथळा अजिबात नाही. फक्त मी जंत्री उघडली की पाच मिनिटांनी विचारतात, ‘तू चहा घेणार आहेस का?’ आमच्या घरात हा प्रश्न नसून हुकूम आहे, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

शेवटी काम वेगाने कसं करावं याचाच अभ्यास करायचं मी ठरवलं. इथून खरी प्रगती सुरू झाली. माझ्या विषयात नव्हे, याच विषयात.

भाच्याने टोमॅटो आणून दिला. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याला म्हणे १९८० च्या दशकात अभ्यासाला बसवेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ घेतलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात म्हणून पद्धतीचंही तेच नाव. मी टोमॅटो पिळला आणि बसले. पंचविसाव्या मिनिटाला तो असा किंचाळला की हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी गॅस बंद केला. कुकरला नुकती एक शिट्टी झाली होती. त्या दिवशी आम्ही तांदूळ खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून मी टोमॅटो बंद करून कुकरच लावला : तीन शिट्ट्यांपर्यंत पत्र, मग विश्रांती. पद्धत उत्तम होती, पण विश्रांतीत फोडणी, कणीक आणि कोशिंबीर बसवावी लागे.

मग कार्डं. निकलास लुहमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने जन्मभर टिपणं कार्डांवर काढली, प्रत्येकाला क्रमांक दिला, एकाचा दुसऱ्याला दुवा जोडला. अशी सुमारे नव्वद हजार कार्डं. त्यांच्यातून त्याची सत्तरच्या आसपास पुस्तकं निघाली. हे मला फारच पटलं. सॉर्टिंगची कपाटं बघत आयुष्य गेलेल्या बाईला खणाखणांची पेटी म्हणजे काय, हे जर्मनांनी सांगायला नको होतं. मी अप्पा बळवंत चौकातून चार रंगांची दोन हजार कार्डं आणली. पिवळी जासुदांना, निळी नद्यांना, गुलाबी ऋतूंना, हिरवी ‘इतर’. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी क्रमांक कसे द्यावेत याची योजना आखत होते. दिवाळीत मोजली तर लिहून झालेली कार्डं दोनशे बारा, त्यातली चाळीस कार्डं कशी लिहावीत याबद्दल. उरलेल्या कोऱ्यांवर नात, चिऊ, हिने व्यापार खेळायच्या नोटा केल्या. हिरव्या पाचशेच्या. त्यांचा निदान उपयोग झाला.

थोरांची चरित्रं वाचा, असं सर म्हणाले. तीही वाचली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला घेतली आणि बावीस खंड काढले. कागदांसाठी गावोगाव पायपीट केली, संस्थेची नोकरी नाही, ऐन तारुण्यात बायको गेली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे. हे शेवटचं चरित्रात वाचताना गहिवरून येतं. स्वयंपाक मीही करते. राजवाड्यांनी केला तो त्याग ठरला, मी करते ती आमटी ठरते. शिवाय ते एकट्यापुरता करत.

रियासतकार सरदेसायांचा तर मी धसकाच घेतला आहे. बडोद्याची नोकरी करून १९२५ मध्ये निवृत्त झाले, कामशेतला राहायला गेले. म्हणजे माझ्याच गोत्रातले. मग पेशवे दप्तरातले कागद निवडायचं काम हाती घेतलं आणि १९३० ते १९३४ एवढ्यात पंचेचाळीस खंड छापून काढले. सुरुवात केली तेव्हा वय साधारण पासष्ट. मी सहासष्टाची आहे. अर्थात त्यांच्या हाताखाली माणसं होती, असं मी स्वतःला रोज रात्री सांगते आणि झोपते.

आमच्याच धंद्यातला एकजण निघाला तो ट्रोलप. अँथनी ट्रोलप, इंग्लंडच्या टपाल खात्यातला अधिकारी. रस्त्यावरच्या टपालपेटीची कल्पना तिकडे यानेच पुढे रेटली, चॅनेल बेटांवर, १८५२ साली. नोकरी सांभाळून कादंबऱ्याही लिहायचा, एकूण सत्तेचाळीस. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द, आणि हे सगळं न्याहारीच्या आत. मी साडेपाचचा गजर लावणारच होते, तेवढ्यात पुढची ओळ वाचली. त्याला उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. मी पुस्तक यांच्यासमोर धरलं. यांनी ती ओळ दोनदा वाचली.

‘पाच पौंड त्या वेळचे की आत्ताचे?’

‘आत्ताचे.’

‘महागाई भत्ता?’

बोलणी तिथेच फिसकटली.

पार्किन्सनबद्दल मात्र मला राग आहे. ‘काम जेवढा वेळ द्याल तेवढं पसरतं’ असं सांगणारा त्याचा लेख १९५५ साली लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये आला. त्यात त्याने उदाहरण कुणाचं द्यावं? रिकामपण असलेल्या एका वृद्ध बाईचं, जिला भाचीला एक पोस्टकार्ड लिहून टाकायला अख्खा दिवस लागतो. चष्मा शोधण्यात एक तास, पत्ता शोधण्यात अर्धा. सत्तर वर्षांपूर्वी साहेबाने माझं भविष्य, माझ्या खात्याच्या स्टेशनरीसकट, छापून ठेवलं होतं. तिचं पोस्टकार्ड निदान संध्याकाळी पेटीत पडत होतं.

आणि दप्तरात गेल्यावर काय होतं तेही सांगून टाकते. तिथे कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रुमाल समोर येतो, गाठ सुटते, जुन्या कागदाचा तो वास येतो. मी स्वतःला बजावलेलं असतं : फक्त दोन टोकं बघायची, रवाना आणि पैवस्ती. मधला मजकूर आपला नाही. दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचायचं नाही, हा आमच्या धंद्याचा धर्म. तो मी छत्तीस वर्षं पाळला आणि साठीनंतर बुडवला. कुणी कुणाला पागोटं पाठवतंय, कुणाचं येणं राहिलंय, कुणी ‘तब्येत बरी नाही, बाकी क्षेम’ असं एकाच दमात लिहितंय. दुपारचे चार वाजतात, शिपाई खुर्च्या सरकवायला लागतो, आणि वहीत तारखा दोन.

अशाच एका पत्राने मला कामाला लावलं. निघालं दिल्लीहून, छ १८ रबिलाखर. पोचलं पुण्याला, पैवस्ती छ ३ रबिलाखर. मी वजाबाकी केली. परत केली. पत्र लिहायच्या पंधरा दिवस आधी पोचलं होतं.

टपाल खात्यातल्या माणसाला याचा अर्थ काय वाटेल, विचार करा. मी झोपेतून उठून बसायला लागले. दिल्लीला चंद्र एक दिवस उशिरा दिसला असेल, पण पंधरा दिवस? दोन ठिकाणी दोन जंत्र्या चालत असतील? कारकुनाने दुसऱ्याच पत्राची पैवस्ती याच्यावर टिपली असेल? तीन महिने मी या एका कागदामागे होते. टोमॅटो नाही, कुकर नाही, कार्डं नाहीत. पहाटे पाचला आपोआप जाग यायची, कॉफी मिळाली नाही तरी चालायचं. दोनदा दूध उतू गेलं. कुरिअरवाले बेल वाजवून परत गेले आणि मला ऐकू आलं नाही. यांनी एकदा स्वतः चहा केला आणि टेबलावर आणून ठेवला, तो मी गार झाल्यावर पाहिला. असं काम मी नोकरीतही कधी केलं नसेल. चांद्रमासांवर वीस पानी टिपण तयार झालं.

ते घेऊन सरांकडे गेले. सरांनी टिपण बाजूला ठेवलं, पत्राची छायाप्रत मागितली, भिंग लावलं. महिन्याच्या नावात नेमकं शेवटून दुसऱ्या अक्षरावर कसरीने भोक पाडलेलं होतं आणि ते भोक मी ‘ख’ म्हणून वाचलं होतं.

‘बाई, हा रबिलाखर नाही. रबिलावल आहे.’

रबिलावल तीस दिवसांचा. अठरापासून पुढच्या महिन्याच्या तीनपर्यंत मोजा. पंधरा दिवस. आकडा तोच होता, फक्त माझा जासूद तीन महिने उलटा पळत होता.

घरी येऊन मी दूध न उतू जाऊ देता तापवलं.

त्यानंतर पुन्हा थंडावा. मग ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास वाचताना पानिपतच्या बातमीची हकीकत समोर आली. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, आणि त्यांना वाटेत गाठ पडली ती सावकारांच्या कासीदाची. मोत्यांच्या आणि मोहरांच्या भाषेतलं ते प्रसिद्ध पत्र त्याच्याजवळ होतं. म्हणजे खाजगी कुरिअर तेव्हाही पुढेच. पण मला लागलं ते दुसरंच : पानिपताहून औरंगाबाद नऊ दिवसांत गाठायचं, असं त्या कासीदाशी ठरलेलं होतं. कासीदाला अजुरा, म्हणजे मजुरी ठरवून, दिवस बांधून धाडायची रीतच होती. पळायला स्फूर्ती लागत नव्हती, करार लागत होता.

मी चिऊशी करार केला. चिऊ वय वर्षं नऊ, दर शनिवारी येते. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लिहिलेलं एक पान तिच्या हातात पडायला हवं. नाही पडलं तर मी तिला मस्तानी पाजायची. पहिल्या शुक्रवारी चिऊचे सात फोन आले. आजी काय करतेस, आजी गोष्ट सांग, आजी गप्पा मारू. शनिवारी पान झालं नाही, मस्तानी झाली. दुसऱ्या आठवड्यात माझा चष्मा फ्रीजवर सापडला. तेव्हा करारात गफलत झाल्याचं लक्षात आलं आणि कलम फिरवलं : पान वेळेवर मिळालं, तरच मस्तानी.

आता गुरुवारपासून तगादा. ‘आजी, किती ओळी झाल्या?’ मोठ्या अक्षरात लिहिलेलं चालत नाही. समास मोजते. मधे चित्र काढलं तर ते धरत नाही. छत्तीस वर्षांत मला असा कडक वरिष्ठ लाभला नव्हता. पान हातात पडलं की वर कोपऱ्यात वेगळ्या शाईने लिहिते : पैवस्ती, तारीख, वाजले किती. चौदा शनिवारांत अकरा पानं झाली आहेत. तीन हुकली, त्यातली दोन तीनशे चारच्या पार्सलांमुळे, आणि तसा शेरा चिऊने पानावर मारून ठेवला आहे.

गेल्या शनिवारी तिने अकरावं पान पहिल्यांदाच नुसतं न मोजता वाचलं. ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग म्हणाली, ‘आजी, पण तो परत कसा जायचा?’

‘कोण?’

‘जासूद. पत्र दिल्यावर लगेच परत? की जबाब मिळेपर्यंत थांबायचा? मग राहायचा कुठे? आणि जाताना पण पळायचा, की जाताना सावकाश?’

मी तोंड उघडलं आणि मिटलं. दोनशे पत्रांचे दोनशे तक्ते, आणि एकाही तक्त्यात परतीचा रकाना नव्हता. जबाबावरही निघाल्याची तारीख असतेच की. म्हणजे पत्राची पैवस्ती घ्यायची, जबाबाची रवानगी घ्यायची, मधले दिवस तो इथे, पुण्यात, कुणाच्या तरी ओसरीवर. मी वहीचं कोरं पान काढलं, आडवी रेघ मारली आणि रकाने पाडायला लागले. चिऊ चपला घालून दारात उभी राहून ‘आजी, मस्तानी’ म्हणत होती. स्वयंपाकघरात शिट्टी झाली. यांनी आतून विचारलं, किती झाल्या म्हणून. मी मोजल्या नव्हत्या.